पाणी शून्य, हवा उणे हजार

आमच्या सीटी स्कॅनचा पहिला पेशंट रोज सकाळी आठच्या आत टेबलावर हजर असतो. त्याच्यासोबत नातेवाईक नसतात, हातात केसपेपर नसतो, खिशात कुठल्या नगरसेवकाची चिठ्ठी नसते. 'श्वास रोखा' म्हटलं की रोखतो आणि 'आता सोडा' म्हणायला तुम्ही विसरलात तरी तक्रार करत नाही. तो एक प्लॅस्टिकचा गोल डबा आहे आणि त्याच्या पोटात पाणी आहे. आम्ही त्याला फँटम म्हणतो. या डब्यात पाणी आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना, कित्येक कोटींच्या यंत्राने ते पाणीच असल्याची रोज खात्री करून घेणं, याबद्दल मला पगार मिळतो.

यात गंमत वाटली तरी अन्याय काही नाही. सीटीच्या चित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा असतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या नावाने चालणाऱ्या या मापात पाणी म्हणजे शून्य आणि हवा म्हणजे उणे एक हजार. चरबी शून्याच्या खाली शंभरच्या आसपास, हाडं वर शेकड्यांत. मूत्रपिंडावर दिसणारी गाठ नुसती पाण्याची आहे की आणखी काही, हे डॉक्टर या आकड्यांवरून ताडतात. उद्या यंत्रच पाण्याला वीस म्हणायला लागलं, तर पाण्याची निरुपद्रवी गाठ बाळगून सुखात असलेल्या गृहस्थांची झोप उडेल. म्हणून पाणी शून्य. फार तर चार इकडे किंवा चार तिकडे. पाच आलं की माझा दिवस सुरू होतो.

आकडा झाला की मग चित्र बघायचं. पाण्याचं चित्र म्हणजे एक राखाडी चकती. तिच्यात काहीही नसतं, आणि काहीही नाही ना हेच मला बघायचं असतं. एखादा डिटेक्टर रुसला की त्या राखाडीत एक फिकट वर्तुळ उमटतं. ते डोळ्यांत तेल घालून शोधावं लागतं. रेडिओलॉजिस्टला चित्रात काही सापडलं की समाधान होतं, मला काही सापडलं नाही की. मी असा चकतीकडे टक लावून बसलेलो असताना विभागप्रमुख मागे येऊन उभे राहतात.

"काय दिसतंय?"

"काही नाही, सर."

"मग केव्हाचे बघताय?"

"खात्री करतोय, सर. काहीच दिसत नाहीये ना, याची."

सर पुढे जातात. त्यांच्या चेहऱ्यावर नेमकं काय असतं ते मी पाहत नाही. संध्याकाळी घरी आई विचारते, आज काय केलंस. मी म्हणतो, पाणी शून्य आलं. त्यावर ती म्हणते, "इथंही सकाळपासून शून्यच आहे. टँकरला फोन कर."

ऑडिटच्या वेळी हा डबा विशेष भाव खातो. डेड स्टॉक रजिस्टरवर बोट ठेवून साहेब विचारतात, "यात काय आहे?" पाणी. "औषधी पाणी?" नाही, डिस्टिल्ड वॉटर. "आणि याला इतके लाख?" मी खुलासा करतो की रक्कम डब्याची आहे, पाणी आपलंच. मग साहेब माझ्याकडे, डब्याकडे आणि पुन्हा माझ्याकडे बघतात आणि 'डबा, प्लॅस्टिक, पाण्यासह, नग १, प्रत्यक्ष पाहिला' असं लिहून पुढच्या कपाटाकडे वळतात.

लोकांना मी नक्की कोण हे समजावून सांगणं हा नोकरीचा निम्मा भाग आहे. 'मुलगा मोठ्या हॉस्पिटलात आहे' इथपर्यंत लग्नाची बोलणी छान चालली होती. 'नावापुढे डॉक्टरसुद्धा लावतो' इथे तर चहाबरोबर चिवडाही आला. 'पण तसा डॉक्टर नव्हे, भौतिकशास्त्रातला' म्हटल्यावर चिवड्याची बशी जिथल्या तिथे थांबली. नातेवाइकांनी आपापल्या सोयीने मला फिजिओथेरपीत टाकलं आहे. मध्यंतरी एका लग्नात जेवायला बसताना लांबच्या काकांनी खांदा पुढे केला. "जरा बघ रे, हात वर जात नाही." मी बघितलं. खरंच जात नव्हता.

हॉस्पिटलातही वेगळं चित्र नाही. डॉक्टर मला इंजिनिअर समजतात, कंपनीचा इंजिनिअर मला इन्स्पेक्टर समजतो आणि वॉर्डातले मामा-मावशी 'किरणवाले साहेब' म्हणतात, ज्यात सगळ्यात जास्त तथ्य आहे. कॅन्सरच्या उपचार विभागात आमच्या जातभाईंना मान असतो. तिथे फिजिसिस्टने हिशेब मांडल्याशिवाय पेशंटला किरणं देत नाहीत. देशातले बहुतेक मेडिकल फिजिसिस्ट तिकडेच असतात. निदानाच्या बाजूला आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि एक्स-रे आमच्यावाचूनही निघतो हे सगळ्यांना माहीत झालेलं आहे. अणुशक्तीनगरातल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स मात्र आमच्यावाचून निघत नाही. विकिरण सुरक्षा अधिकारी म्हणून कुणाचं तरी नाव लागतं, सही लागते. त्यामुळे लायसन्सची मुदत संपत आली की माझी अचानक विचारपूस सुरू होते. "चहा घेतलात का?" "घरी सगळे बरे?" एरवी ज्यांना माझी खोली तळघरात कुठे आहे हे ठाऊक नसतं, ते लिफ्ट नसताना जिना उतरून येतात.

कायद्याला हवा म्हणून ठेवलेला माणूस, असं कुणी मला हिणवलं की मी त्याला ॲलन कॉर्मॅकची गोष्ट सांगतो. १९५६ साली केपटाऊनच्या ग्रूट स्किर हॉस्पिटलातला फिजिसिस्ट नोकरी सोडून गेला. किरणोत्सारी द्रव्यांवर देखरेख करायला तिथल्या कायद्याप्रमाणे पात्रताधारक माणूस हवा होता. गावात अणुभौतिकीवाला एकच, विद्यापीठात शिकवणारे कॉर्मॅक. त्यांना आठवड्यातला दीड दिवस हॉस्पिटलात बसायला सांगितलं. म्हणजे बघा, जागा भरायची म्हणून भरलेला, तोही दीड दिवसाचा. आमच्याकडे अशा माणसाला टेबल मिळालं असतं, खुर्ची पुढच्या आर्थिक वर्षात.

बसल्या बसल्या त्यांनी किरणोपचारांचं नियोजन पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की शरीराच्या आत कुठे किती किरणं शोषली जातात याची कुणाला नीट कल्पनाच नाही. सगळा हिशेब शरीर आतून एकसारखं आहे असं धरून चाललेला. त्यांनी प्रश्न मांडला: बाहेरून वेगवेगळ्या कोनांतून किरणं सोडून, पलीकडे किती पोचली एवढंच मोजून, आत कुठे काय आहे हे सांगता येईल का? कलिंगड न कापता आतल्या बिया कुठे कुठे आहेत ते सांगायचं, तसा हा प्रकार. त्यांनी गणित सोडवलं, ॲल्युमिनियम आणि लाकडाच्या चकतीवर प्रयोग केला आणि १९६३ आणि १९६४ साली दोन लेख छापले. प्रतिसाद जवळपास शून्य. लेखाची प्रत मागणाऱ्यांत सगळ्यात चित्तवेधक पत्र कुणाचं होतं, तर स्वित्झर्लंडच्या हिमकडे अभ्यासणाऱ्या केंद्राचं. डोंगरावर साचलेल्या बर्फाचं मोजमाप करायला ही युक्ती चालेल का, असा त्यांचा विचार होता. चालली असती, फक्त किरणांचा उगम किंवा डिटेक्टर आधी बर्फाखाली डोंगरात नेऊन ठेवायला हवा होता, असं पुढे खुद्द कॉर्मॅक यांनीच सांगितलं.

तिकडे इंग्लंडमध्ये हाउन्सफिल्ड स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला आणि १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून गेलं. दोघांपैकी एकाकडेही पीएचडी नव्हती. हाउन्सफिल्डकडे तर विद्यापीठाची साधी पदवीही नव्हती, डिप्लोमा होता. आमच्या पदाची जाहिरात निघाली असती तर दोघेही छाननीतच गळाले असते. गोष्ट इथपर्यंत आली की हिणवणारा माणूस विचारतो, "मग तुम्ही काय शोधून काढलंत?" म्हणून हल्ली मी ती हिमकड्यांपाशीच थांबवतो.

मी शोधून काढतो ते बॅज. किरणांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाला छातीवर लावायला एक टीएलडी बॅज मिळतो. त्यात किंचित डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. पडलेली किरणं त्या मनात धरून ठेवतात आणि तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवल्या की प्रकाशाच्या रूपाने सगळं ओकून टाकतात. चकतीइतकी स्मरणशक्ती आणि प्रामाणिकपणा बॅजच्या मालकाकडे असता तर माझं काम निम्म्यावर आलं असतं. कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही मर्यादा. आमच्याकडे बहुतेकांचा आकडा या मर्यादेच्या आसपाससुद्धा फिरकत नाही. पण अधूनमधून एखाद्याचा फुगून येतो आणि माझी चौकशी समिती सुरू होते. समितीत मी एकटाच असतो.

एका दिवाळीच्या तिमाहीत एका रेसिडेंटचा असाच आकडा आला. पोरगा घाबरला, त्याची आई लातूरहून फोनवर घाबरली. तपासाअंती कळलं की तो सुट्टीवर जाताना बॅज ॲप्रनला तसाच अडकवून गेला होता आणि ॲप्रन फ्लुओरोस्कोपीच्या खोलीत यंत्रासमोर टांगलेला होता. मालक लातूरला करंज्या खात होता आणि बॅज इथे रोज ड्युटी करत होता. दुसऱ्या एकाने लेखी खुलाशात 'बॅज कपड्यांबरोबर धुतला गेला, तरी माफी असावी' असं लिहून दिलं होतं. मशीनने की हाताने, हेही मी विचारून घेतलं. फॉर्मवर तशी जागा नाही, पण कुतूहल असतंच.

खरा डोकेदुखीचा विषय म्हणजे शून्य. पाण्याचं शून्य आलं की मी सुखावतो. बॅजचं आलं की अस्वस्थ होतो. कॅथलॅबमध्ये सकाळी शिरून रात्री बाहेर पडणारे आमचे एक ज्येष्ठ हृदयरोगतज्ज्ञ. त्यांचा डोस तिमाहीमागून तिमाही शून्य. मी भीत भीत त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, तुमचा डोस शून्य येतोय."

"उत्तम. आपण काळजी घेतोच."

"बॅज कुठे लावता, सर?"

"लावतो कसला! हरवला तर तुम्हीच लेखी मागाल. घरी कपाटात ठेवलाय, अगदी सेफ."

बॅज सुरक्षित राहिला हे मला मान्य करावंच लागलं.

ॲप्रनचीही एक कथाच आहे. अर्ध्या मिलिमीटर शिशाच्या तोडीचा, काही किलो वजनाचा तो झगा अंगावर घेऊन चार तास उभं राहणाऱ्याला मणक्यांची संख्या तोंडपाठ होते. त्याची घडी घालायची नसते. घडी घातली की आतल्या थराला चिरा जातात, बाहेरून काही दिसत नाही आणि किरणं चिरेतून हसत हसत आत शिरतात. म्हणून वर्षातून एकदा सगळे ॲप्रन फ्लुओरोस्कोपीखाली घालून मी त्यांची तपासणी करतो. हॉस्पिटलात एक्स-रेखाली कपडे तपासणारा मी एकटाच. रात्रपाळीला रेसिडेंट ते अंथरतात, पांघरतात, उशाला घेतात. त्यांना मी बोलत नाही, कारण त्या वयात ज्याला झोप येते त्याला शिसंसुद्धा मऊ लागतं. पण आमच्या मावशी नीटनेटक्या. रोज संध्याकाळी सगळे ॲप्रन चौघडी घालून कपाटात रचून जायच्या. मी हँगर आणले, भिंतीवर पाटी लावली.

"मावशी, घडी घालायची नाही."

"मग काय तसंच लोंबकळत ठेवायचं? बघणाऱ्याला काय वाटेल?"

हँगर आता डॉक्टरांच्या कोटांसाठी वापरले जातात.

त्यात २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने आमची उरलीसुरली पत घालवली. कमरेचा, पोटाचा एक्स-रे काढताना जननेंद्रियांवर शिशाचा तुकडा ठेवायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं टेक्निशियन मंडळींच्या डोक्यात हातोड्याने ठोकत आलो. आता सांगणं आलं की सवय म्हणून तो ठेवणं बंद करा. कारणं बिनतोड आहेत. त्या अवयवांपर्यंत पोचणारी किरणं बरीचशी शरीराच्या आतूनच विखुरून येतात, त्यांना वरचा तुकडा अडवत नाही. तुकडा सरकला तर बघायचं तेच झाकलं जातं आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. आणि आधुनिक यंत्राच्या डोळ्यासमोर शिसं आलं तर ते पेशंटला जाड समजून किरणं वाढवतं. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन हाताची घडी घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "सर, इतकी वर्षं लावा लावा म्हणून ओरडलात. आता काढा काढा म्हणून ओरडताय. एकदा घरी विचार करून या." पेशंटचा प्रश्न तर आणखी सरळ होता. "मागच्या वेळी झाकलं होतं. या वेळी पिवळं कार्ड दाखवलं म्हणून नाही का?"

एमआरआयमध्ये किरणंच नसतात, त्यामुळे तिथे मला विश्रांती असावी असा एक समज आहे. तिथे चुंबक असतं, दीड टेस्लाचं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. ते द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंशांवर बुडवलेलं असतं आणि कायम चालू असतं. रात्री, रविवारी, वीज गेली तरी. हे शेवटचं वाक्य माणसाच्या बुद्धीला पटतच नाही. छताचा पोपडा खरवडायला आलेला मिस्त्री लोखंडी शिडी खांद्यावर घेऊन दारात उभा आणि मी दारात आडवा.

"दोन मिनिटं बंद करा ना, साहेब."

"बंद होत नाही."

"मेन स्विचच काढतो."

२०१७ साली लखनौत पाहणीला आलेल्या मंत्र्यांच्या अंगरक्षकाचं पिस्तूल असंच कमरेवरून सुटून यंत्राला जाऊन चिकटलं होतं, तेव्हापासून बड्या पाहुण्यांचा दौरा असला की मी सुरक्षारक्षकांनाच आधी चहाला नेतो. पण पिस्तूल सोपं, ते दिसतं. आमच्याकडच्या बाईच्या बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना दिसत नाहीत. 'अंगावर धातू काही नाही ना' म्हटलं की ती मनापासून नाही म्हणते, कारण पीन हा तिच्या लेखी धातू नसून अवयव आहे. मंगळसूत्र काढायला खळखळ होते, आणि गंमत म्हणजे त्यातलं सोनं चुंबकाला दादही देत नाही. ते ब्लाउजला जिने टाचलेलं असतं ती पीन उडते. कनवटीचं रुपयाचं नाणंही स्टीलचं, चुंबकाला चिकटणारं.

शिकवण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. शिकाऊ रेडिओलॉजिस्टना मी भौतिकशास्त्र शिकवतो. दुपारच्या जेवणानंतर, दिवे मालवून, पडद्यावर आलेखांसह. पुढचं तुम्हीच ओळखा.

या सगळ्यात पेशंटशी समोरासमोर बोलायची वेळ क्वचितच येते. आली की बहुधा एकाच कारणाने. परवाचीच गोष्ट घ्या. ताप-खोकला म्हणून छातीचा एक्स-रे काढला, आठवड्याने कळलं की दिवस राहिलेत. मुलगी तेवीस-चोवीसची, रडून डोळे सुजलेले. बरोबर सासूबाई, एक्स-रेची पिशवी मांडीवर उलटी धरलेली. कुणीतरी शेजारणीने सांगितलं होतं की आता हे बाळ ठेवण्यात अर्थ नाही. मी यंत्राची नोंद काढली, हिशेब मांडला. गर्भाला अपाय होण्याची चिंता सुरू होते ती साधारण शंभर मिलिग्रेच्या पुढे. छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत पोचतं ते एका मिलिग्रेच्या शंभराव्या भागाहूनही कमी. नुसतं पृथ्वीवर राहण्याची किंमत म्हणून याहून कितीतरी जास्त किरणं तुम्हाला माझ्याशिवायच मिळतात, असं मी सांगितलं. जमिनीतून, भिंतींतून, आकाशातून.

मुलीला धीर आला नाही. "पण ही तर पोटाच्या इतक्या जवळून गेली ना?"

मग मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "ताई, किरणं शरीराच्या आतही असतात. आपण खातो त्यातल्या पोटॅशियमचे तीन-चार हजार अणू माणसाच्या अंगात दर सेकंदाला फुटत असतात. माझ्या, तुमच्या. या तुमच्या सासूबाई शेजारी बसल्यात ना, त्यांच्यासुद्धा अंगातून किरणं बाहेर पडताहेत. आत्ता, या क्षणी."

मुलीने मान वळवून सासूबाईंकडे नीट पाहून घेतलं. मग डोळे पुसले.

"तरीच," ती म्हणाली.

सासूबाईंनी ते ऐकलं नाही किंवा ऐकलं नसल्याचं दाखवलं. पिशवी सरळ करत त्या मला म्हणाल्या, "एवढं निर्धोक असेल तर माझ्या गुडघ्याचा तेवढा काढूनच टाका आता. आलेच आहे, तर पुन्हा हेलपाटा नको."

मी त्यांना लिहून देऊ शकत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा, असं सांगितलं. त्यांनी दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं. खरे डॉक्टर कुठे बसतात ते विचारू."